‘आनंदी गोपाळ’मधला मार वगळू नका

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
इंदूर

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सभासदांना ते कळेलच, आणि बाहेरच्यांना कळून काही साधणार नाही. मला कोणाची नाचक्की करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे. पत्र उघड लिहिण्याचं कारण एवढंच, की निर्णय बंद खोलीत झाला आणि तो ज्यांच्याबद्दल आहे त्या बायका प्रेक्षकांत बसणार आहेत. त्यांच्यापासून हे लपून राहू नये.

झालं ते असं. महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी आमचा अभिवाचन गट श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आणि अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींची पत्रं यांवरून तयार केलेली संहिता बसवतो आहे. तालमी रंगात आल्या असताना संहिता ‘एकदा नजरेखालून घालायला’ म्हणून मागवली गेली. परत आली ती लाल पेन्सिलीच्या आडव्या रेघा घेऊन. गोपाळराव आनंदीला मारतात ती पानं गेली. तिच्या अंगावर पुस्तकं भिरकावतात तो भाग गेला. ‘टाकून देईन’ ही धमकी गेली. या सगळ्याबद्दल आनंदीबाईंनी अमेरिकेहून नवऱ्याला जे लिहिलं, ते पत्रही गेलं. सोबत व्हॉट्सॲपवर निरोप होता: कार्यक्रम प्रेरणादायी व्हावा म्हणून नकारात्मक भाग वगळला आहे, गटानं त्याप्रमाणे तालीम करावी. निरोपाखाली नाव कोणाचंच नव्हतं, फक्त ‘कार्यकारिणीच्या वतीनं’.

त्या संहितेतलं एकच पान दाखवते. अभ्यास सोडून आजीला स्वयंपाकात मदत करताना दिसली म्हणून गोपाळरावांनी आनंदीला काठीनं बडवलं, ही हकिकत आनंदीबाईंबद्दल वर्षानुवर्षं सांगितली जाते. आमच्या संहितेत ती आहे, आणि तिच्याखाली निवेदिकेच्या तोंडी एक वाक्य आहे, माझंच लिहिलेलं: ‘दुसऱ्या दिवसापासून आनंदी न सांगता पुस्तक घेऊन बसू लागली.’ तुम्ही वरच्या प्रसंगावर रेघ मारली आणि खालचं वाक्य ठेवलं. आता ते वाक्य एकदा मोठ्यानं वाचून बघा. एका गुणी मुलीचं कौतुक ऐकल्यासारखं वाटतं. पाठीवर वळ उठलेली दहा-अकरा वर्षांची पोर भीतीनं पुस्तक उघडते आहे, हे त्यात कुठेच उरलं नाही. रेघ मारणाऱ्यानं एक ओळही नवी लिहिली नाही आणि तरी कादंबरी फिरवली.

माझी तक्रार या एका पानातून सुरू होते.

मार हा कादंबरीत एखादा प्रसंग म्हणून आला असता तर मी एवढी भांडले नसते. दीड तासाच्या वाचनात बसवायचं म्हणजे कात्री लावावीच लागते. आम्हीही लावली आहे, बदल्यांची आणि प्रवासाची कितीतरी पानं सोडली आहेत. पण इथे माणसांचे स्वभावच त्या माराभोवती घडले आहेत. तो काढलात तर माणसं का बोलतात, का गप्प बसतात, का परक्या देशात एकटी तग धरतात, यातलं काहीच कळत नाही.

आनंदी घ्या. नवव्या वर्षी लग्न होऊन सुमारे वीस वर्षांनी मोठ्या बिजवराच्या घरी आलेली मुलगी. नवऱ्याचा लहरी स्वभाव ओळखत राहणं हाच तिचा पहिला अभ्यास. दारात पाऊल वाजलं की हातातलं काम टाकायचं आणि पुस्तक उचलायचं. त्या काळच्या इतर बायका स्वयंपाक बिघडला म्हणून मार खायच्या, हिनं स्वयंपाक केला म्हणून खाल्ला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना याचंच नवल वाटलं म्हणे. नवरा मारतो याचं कोणाला काही वाटलं नाही, कशासाठी मारतो तेवढंच नवं होतं. अशा मुलीच्या मनात विद्या आणि धास्ती हातात हात घालून शिरतात. पुढे ती फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी सांभाळत, आपलं अन्न आपणच शिजवत वैद्यकीचा अभ्यास रेटते, तेव्हा वाचणाऱ्याला आत कुठेतरी जाणवत राहतं की हिला अजून ते दारातलं पाऊल ऐकू येतं आहे.

आणि तरी तिनं स्वतःचं असं काही राखलं, हे खरं मोठेपण. चौदाव्या वर्षी ती आई झाली. मूल दहा दिवसांत गेलं, नीट वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून. डॉक्टर व्हायची ओढ त्या दुःखातून आली. ती काठीनं घातलेली नव्हती. १८८३ च्या फेब्रुवारीत, अठरावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत, बंगालमधल्या सेरामपूरला भर सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातो आहोत हे तिनं इंग्रजीतून सांगितलं. ज्या मुलीला घरात वर मान करून बोलण्याची सोय नव्हती तिनं परक्या लोकांसमोर तोंड उघडलं. आमच्या वाचनात ही जागा आली की तालमीतसुद्धा सगळ्या थांबतात. तुमची संहिता वाचली तर तिथे थांबावंसं कोणालाच वाटणार नाही, कारण तिला कधी कोणी गप्प केलंच नव्हतं असं ऐकणाऱ्याला वाटेल.

आता गोपाळराव. मार वगळला की त्यांची अब्रू राहते असं कार्यकारिणीला वाटलेलं दिसतं. मला वाटतं त्यानं त्यांचा पुतळा होतो, माणूस जातो. पोस्टातली साधी नोकरी. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मग भूज, मग कलकत्ता. बायकोच्या शिक्षणासाठी हा माणूस बदल्या मागत गावोगाव फिरला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, टिंगल सोसली. त्याची जिद्द खोटी नव्हती. पण समाजाच्या चालीरीतींतला अन्याय ज्या डोळ्यांना लखलखीत दिसला, त्याच डोळ्यांना स्वतःच्या हातातली काठी दिसली नाही. बायकोला त्यांनी माणूस बनवायचं ठरवलं, पण ती आधीच माणूस आहे हे मान्य करायचं राहिलं. कादंबरी या माणसाला माफही करत नाही आणि फासावरही चढवत नाही. म्हणून ती इतकी वर्षं टिकली. तुमच्या रेघांनी त्यांना महिला दिनाच्या फलकावरचा आदर्श पती करून टाकलं.

आणि जे बघत होते त्यांचं काय? आजी, शेजारी, बिऱ्हाडकरू. ज्यांनी ओरडणं ऐकलं आणि आपली कामं चालू ठेवली. तेही तुमच्या रेघांखाली गेले. ते जायला नको होते, कारण सभागृहात आपल्यापैकी बहुतेकजण त्यांच्याच जागी बसलेले असतात.

या मुलीला मार नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा भेटला असंही नाही. आई आपल्याशी कधी मायेनं बोलली नाही, शिक्षा करायची तर दोरीवर भागायचं नाही, दगड, काठी, पेटता कोळसा हाताला येईल ते चालायचं, असं आनंदीबाईंनी स्वतः सांगून ठेवलं आहे. ज्या लेकराला माहेरीच कळतं की आपलं म्हणणारा हात मारतोही, ते सासरी दाद कोणाकडे मागणार? एका घरातला मार दुसऱ्या घरासाठी मुलीला तयार करतो. कादंबऱ्या हे फार बारकाईनं दाखवतात, कारण त्यांना माणसाचं सगळं आयुष्य सलग बघायला मिळतं. पोलिसांच्या कागदाला तेवढी सवड नसते.

सगळ्यात जास्त राग मला आला तो पत्रावरच्या रेघेचा. बाकी प्रसंगांबद्दल तुम्ही म्हणू शकता की कादंबरीकारानं रंगवलं असेल. हे तर तिचं स्वतःचं लिहिणं. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना ती त्याच्या वागण्याचा हिशेब मांडते. तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं कठीण आहे, असं आधी म्हणते. हेतूकडे पाहिलं तर ते बरोबर वाटतं, लहान मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामाकडे पाहिलं तर ते चूकच होतं, असं सरळ लिहिते. मग वय घालून एकेक आठवण देते: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकणं, सोडून देण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. पत्रात कुठे आरडाओरडा नाही. ज्याच्या नावानं आपण ओळखले जाणार आणि ज्याच्यावाचून इथवर पोचलो नसतो असं सारं जग म्हणतं, त्याच माणसाला ती समोर बसवून न्याय करते आहे. विशीही न गाठलेली किंवा जेमतेम गाठलेली मुलगी. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्या मराठी बाईनं नवऱ्याला असं लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. प्रेरणादायी कार्यक्रम हवा होता ना? याहून प्रेरणादायी काय मिळणार होतं?

हे पत्र ‘नकारात्मक’ म्हणून कापताना कोणाचा तरी हात थबकायला हवा होता.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. बावीस वर्षं पूर्ण व्हायची होती. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक हातात होती, रुजू होणं झालं नाही. तिच्या मरणाचं खापर मी काठीवर फोडत नाही, क्षय तेव्हा कोणालाही गाठायचा. मी तिच्या जगण्याबद्दल बोलते आहे. एवढंसं आयुष्य, आणि त्यातला कितीतरी काळ धाकात गेलेला.

आता तुमच्या सदस्यांनी आम्हाला तोंडी जी कारणं सांगितली त्यांच्याकडे येते.

एक म्हणजे, ‘गोपाळरावांनी धाक दाखवला नसता तर ती डॉक्टर झाली नसती.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे आणि ते धादांत चुकीचं आहे. त्याच काळात मुंबईत रखमाबाई होत्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. नवऱ्याच्या घरी जायला त्यांनी नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेले. १८८७ च्या मार्चमध्ये, म्हणजे आनंदीबाई गेल्यावर काही दिवसांतच, हायकोर्टानं हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. त्यांच्या पाठीशी काठी नव्हती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचा आधार होता. त्याच्याही कितीतरी आधी जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवलं होतं. मग ‘त्या काळी सगळेच तसे होते’ हे दुसरं कारणही इथेच निकालात निघतं. सगळे तसे नव्हते. आनंदी डॉक्टर झाली ती मार सोसून झाली. त्याचं श्रेय तिच्या सोसण्यालाच द्या, मारणाऱ्याला देऊ नका.

तिसरं कारण, ‘आपली संस्था कौटुंबिक आहे, लोक सुना-नातवंडांना घेऊन येतात.’ मुलांचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्याची सोय खाली सुचवली आहे. पण कौटुंबिक म्हणजे काय, याबद्दल जरा मागे वळून बघा. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० नंतर ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. नावच करमणूक, अंक घरात यायचा, घरात वाचला जायचा. त्या कादंबरीत यमूची मैत्रीण दुर्गी नवऱ्याच्या हातून काय काय भोगते ते आहे. यमूचा स्वतःचा नवरा मायाळू, तिला लिहायला-वाचायला शिकवणारा. पण तो गेल्याबरोबर घरातली माणसं तिचं जबरदस्तीनं केशवपन करतात. एकीचा नवरा वाईट, एकीचा देवमाणूस, आणि दोघींचा शेवट दुसऱ्यांच्या हातात. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या मराठी घरांनी हे दर आठवड्याला वाचलं आणि पचवलं. त्यांच्या पणतवंडांना आपण महिला दिनाला तेवढंही ऐकवायचं नाही?

चौथं कारण एका ज्येष्ठ भगिनींनी तालमीच्या खोलीत येऊन सांगितलं: घर की बात घर में. आमच्या गटातली सगळ्यात लहान मुलगी त्यावर लगेच म्हणाली, “काकू, पण ही तर छापलेली कादंबरी आहे.” काकूंकडे उत्तर नव्हतं. मला त्यांचा राग येत नाही. कुठल्या तरी घरात कधीतरी त्या स्वतःही हेच ऐकून गप्प बसल्या असतील, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

या सगळ्यात माझा काय संबंध, असं कोणी विचारेल म्हणून सांगते. माझी मोठी मावशी रामबागेत राहायची. काका गणिताचे मास्तर, गल्लीतल्या मुलांना फुकट शिकवायचे, सगळीकडे मान. लग्नानंतर मावशीला त्यांनी मॅट्रिकला बसवलं, मग बी. ए.ला. उत्तर चुकलं की लाकडी फुटपट्टीची कड बोटांवर बसायची. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट असंच एकदा मोडलं. हाडवैद्याकडे जायला उशीर झाला आणि ते वाकडंच जुळलं. तिला मी लिहिताना पुष्कळदा पाहिलं आहे. बाकीची बोटं कागदावर टेकलेली आणि ते एक अधांतरी. पुढे तिनं नोकरी केली, बढत्या घेतल्या. अध्यक्ष महोदय, आपल्याच वाचनालयानं, तुमच्या आधीच्या कार्यकारिणीनं, त्या दोघांचा ‘आदर्श दांपत्य’ म्हणून सत्कार केला होता. वक्त्यांनी काकांकडे हात करून सांगितलं की बायको घडवावी तर अशी. टाळ्या झाल्या. मावशीनं नारळ घेतला तो त्याच हातात. घरी परतताना ती मला म्हणाली, “मला शिकायला आवडायचं म्हणून मी शिकले गं. ते कुणी विचारलंच नाही.”

दोघंही आता नाहीत. मावशीच्या मुलींना विचारून हे इथे लिहिते आहे. थोरलीनं सांगितलं, लिही, आणि बोटाचंही लिही.

म्हणून आनंदीच्या पानावर रेघ दिसली तेव्हा मला ती निव्वळ संपादनाची रेघ वाटली नाही. नवरा बायकोला ‘तिच्या भल्यासाठी’ मारतो, बायको पुढे काहीतरी करून दाखवते, आणि गाव नवऱ्याला शाल देतं: ही गोष्ट आपण खऱ्या आयुष्यात करून झालो आहोत. आता कादंबरीतही तीच करायला निघालो आहोत. आनंदीबाईंच्या नशिबी निदान एक कादंबरीकार आला, तिची पत्रं शिल्लक राहिली. माझ्या मावशीचं काय शिल्लक आहे? तिच्यासारख्यांना स्वतःची गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकू येण्याची एकच जागा असते, आणि ती म्हणजे अशी वाचनं. अंधारात बसून, शेजारणीला न कळता, ‘हे माझ्याबरोबरही झालं’ असं मनात म्हणता येतं. तेवढी जागा तुम्ही बंद करू नका.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०१९ ते २१ या काळात झालेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा. आपल्या मध्य प्रदेशात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २८ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं आहे. देशाचा आकडाही त्याच्याच आसपास आहे. त्याच पाहणीत देशभरातल्या सुमारे ४५ टक्के बायकांनी काही ना काही कारणासाठी नवऱ्यानं मारलं तर ते योग्य मानलं. मला हा दुसरा आकडा जास्त छळतो. आपल्या सभागृहातल्या खुर्च्यांकडे पाहून या टक्क्यांचा हिशेब तुम्हीच मांडा. ‘आपल्या समाजात हे होत नाही’ असं निदान माझ्यासमोर तरी कोणी म्हणू नये.

कौटुंबिक हिंसेपासून बायकांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाण, शिवीगाळ आणि मानसिक छळ, लैंगिक छळ, पैशाची अडवणूक हे सगळं त्यात येतं. यातली एक तरतूद आपल्या सभासदांपैकी फार थोड्यांना माहीत असेल: सोसणाऱ्या बाईनंच तक्रार करावी लागते असं नाही. शेजारी, नातेवाईक, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेनं दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही. आनंदीच्या शेजाऱ्यांकडे असा कायदा नव्हता. आपल्याकडे आहे.

मागण्या साध्या आहेत.

संहितेतली कापलेली पानं पूर्ण परत घ्यावीत. निदान स्वयंपाकघराचा प्रसंग आणि आनंदीबाईंचं पत्र यांना हात लावू नये. वेळ कमी पडत असेल तर आम्ही दुसरीकडे कापू. ते कार्यकारिणीला मान्य नसेल तर हा कार्यक्रम ‘आनंदी गोपाळ’ या नावानं करू नये आणि आम्हा गटातल्या कोणाचीही नावं पत्रिकेत छापू नयेत. अर्ध्या कादंबरीला पूर्ण कादंबरीचं नाव देणं श्री. ज. जोशींवरही अन्याय आहे.

कार्यक्रमाच्या सूचनेत आणि पडदा उघडण्याआधी स्पष्ट सांगावं की यात कौटुंबिक हिंसेचे प्रसंग आहेत. लहान मुलांसाठी त्याच वेळेत बालविभागाची खोली उघडी ठेवावी. गोष्टी सांगायला आमच्यातल्या दोघीजणी तयार आहेत. एखाद्या बाईला मधेच उठून जावंसं वाटलं तर तिला कोणी अडवू नये, कारण विचारू नये.

१८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि जिल्ह्यातल्या वन स्टॉप सेंटरची (हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत देणाऱ्या केंद्राची) माहिती वाचनालयात कायमची लावावी. दर्शनी भागात लावाच, पण बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावा. चारचौघांत असा कागद वाचत उभं राहणं सगळ्यांना जमत नाही.

‘आदर्श दांपत्य’ पुरस्कार बंद करावा. कोणाचं घर आतून कसं आहे हे पुरस्कार समितीला कळण्याचा काही मार्ग नसतो. त्या रकमेत लग्नानंतर शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या बायकांची फी भरता येईल, आणि अर्ज बाईनं स्वतःच्या सहीनं करावा, नवऱ्याच्या शिफारशीवाचून.

आणि शेवटची मागणी: यापुढे कुठल्याही लेखकाच्या मजकुराला कात्री लावायची असेल तर गटासमोर बसून, कारण लेखी देऊन लावावी. त्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात असावी. निनावी निरोप आम्ही मानणार नाही.

आम्ही संस्थेच्या विरोधात नाही. माझ्या आईच्या नावाची पुस्तकांची दोन कपाटं याच वाचनालयात आहेत. आमच्यापैकी कितीतरीजणी मराठी नीट वाचायला शिकल्या त्या इथल्या बालविभागात, कारण शाळा हिंदी होती. मराठी मुलखापासून इतक्या दूर ही भाषा आपल्या घरांत टिकली ती या पुस्तकांमुळे, आणि पुस्तकं टिकली ती त्यातली अवघड पानं कोणी फाडली नाहीत म्हणून.

येत्या रविवारच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आमच्यापैकी तिघींना बोलवावं, अशी विनंती आहे. पत्राची एक प्रत कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. बैठकीचा निर्णय लेखी कळेपर्यंत तालमी थांबवणार नाही. शनिवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या खोलीत, आम्ही पूर्ण संहिता घेऊन बसतो आहोत. कार्यकारिणीपैकी ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी यावं आणि ती एकदा सलग ऐकावी.

आपली विश्वासू,
अभिवाचन गटातली एक आजीव सभासद
इंदूर